बहात्तर तासांचा कौल

दत्ताराम परबांच्या घरातला एकही मोठा निर्णय माणसांनी घेतलेला नव्हता. गिरणीत चिकटायचं की गावी राहायचं, प्रीतमला कॉमर्सला घालायचं की डिप्लोमाला, बायकोचं, रत्नप्रभेचं, ऑपरेशन करायचं की नाही, सगळं कुडाळजवळच्या त्यांच्या गावच्या देवाने ठरवलेलं. गुरवाने दगडी मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. ह्याला कौल म्हणतात. रत्नप्रभेच्या ऑपरेशनला देवाने उजवा कौल दिला होता, तरी ती गेली. चार वर्षं झाली. असल्या गोष्टीचा जाब देवाला विचारायची सोय नसते.

दत्तारामांचे वडील मानकरी होते आणि त्यांना नको असलेला कौल आयुष्यात कधी मिळाला नाही. डावा पडला की ते गुरवाला सांगायचे, प्रश्नच नीट विचारला गेला नाही, पुन्हा लाव. तिसऱ्या-चौथ्या वेळी पडायचाच उजवा. देव दमतो, माणूस दमत नाही, असं ते म्हणत.

तर अशा माणसाच्या मुलाला, सदुसष्टाव्या वर्षी, चारकोपच्या सेक्टर चारमधल्या घरात, मोबाइल टॉवरने घेरलं.

टॉवर समोरच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर सहा वर्षांपासून उभा होता आणि सहा वर्षं कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. उलट रेंज झकास येते म्हणून गल्लीत कौतुकच होतं. पण सून रुचिरा सात महिन्यांची गरोदर झाली आणि एका रविवारी पोहे खाता खाता प्रीतम म्हणाला, "बाबा, आम्ही मुलुंडला भाड्याने जागा बघतोय. रुचिराच्या आईच्या जवळ. नाही म्हणजे, ह्या टॉवरचं रेडिएशन लहान बाळाला चांगलं नाही ना."

दत्तारामांचा घास तसाच राहिला. चारकोप ते मुलुंड म्हणजे दोन तास, आणि नातू झाला की बघायला पाहुण्यासारखं जायचं. रुचिरा खाली बघत पोह्यातले दाणे एका बाजूला करत होती. मुलगी गुणी होती. लग्नाला तीन वर्षं झाली, उलट उत्तर नाही, तोंड वाकडं नाही. तिने टॉवरला नाव ठेवलं म्हणजे टॉवरमध्ये काहीतरी असणारच, असं दत्तारामांना वाटलं. शिवाय टॉवर बिचारा काय बोलणार?

लढाई टॉवरशी असेल तर ती जिंकता येईल, हा त्यांचा हिशेब. आणि देवाचीच करणी म्हणायची, त्याच आठवड्यात सेक्टरमध्ये शीतल वानखेडे फिरत होती. घाटकोपरची मुलगी, खांद्याला सॅक, गळ्यात ओळखपत्र. एका संशोधन संस्थेतर्फे ती लोकांच्या कमरेला चेनच्या पाकिटातलं, छोट्या पडद्याचं यंत्र बांधत होती. तीन दिवस, म्हणजे बहात्तर तास यंत्र सोबत ठेवायचं, झोपताना उशाशी ठेवायचं, आणि एका वहीत दर अर्ध्या तासाला लिहायचं: कुठे आहे, काय करतोय, सोबत कोण, जवळ कुणी फोनवर बोलतंय का. रोजच्या जगण्यात माणसाच्या अंगावर मोबाइलच्या किती लहरी येतात ते त्यातून कळतं. टॉवरच्या किती आणि फोनच्या किती, हेसुद्धा वेगवेगळं.

"घातक आहे की नाही ते सांगतं काय?" दत्तारामांनी विचारलं.

"नाही काका. आम्ही फक्त मोजतो. सरकारने ठरवलेली मर्यादा असते, तिच्याशी ताडून बघतो."

दत्तारामांना एवढं पुरे होतं. संध्याकाळी त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं, म्हणजे मुलाला बसवलं, सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "यंत्राक विचारूया," ते म्हणाले. "कौल उजवो इलो तर ऱ्हवा हंयच. डावो इलो तर जावा, मी अडवूचंय नाय."

प्रीतमने बायकोकडे बघितलं. बायकोने फ्रिजकडे बघितलं. टॉवरचं नाव आपणच काढलेलं, आता टॉवर मोजू नका असं कुठल्या तोंडाने सांगणार?

"चालेल बाबा," प्रीतम म्हणाला.

आता यंत्रावर विश्वास ठेवावा आणि गप्प बसावं, हे मानकऱ्याच्या मुलाला कसं जमणार? कौल देवाच्या अंगावर लागतो, पण पाकळी किती ओली करायची ते गुरवाच्या बोटात असतं, हे दत्ताराम लहानपणापासून बघत आलेले. त्यांनी विचार केला. मागच्या वर्षी प्रीतमचा फोन बादलीत पडला होता. तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून तो दिवसभर तांदळात पुरून ठेवला होता, आणि नंतर चालू झाल्यावरही झाकण लावलेल्या त्या डब्यात त्याची रिंग म्हणून वाजली नव्हती. स्टीलच्या डब्यात लहरी शिरत नाहीत, हे दत्ताराम विज्ञान न शिकता शिकले होते.

डबा पंचवीस किलोचा. स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून तो हॉलमध्ये टीव्हीखाली असायचा. स्वयंपाकघरात जागा नव्हती, कारण स्वयंपाकघर हीच प्रीतम-रुचिराची झोपायची खोली होती. दोन खोल्यांच्या घरात तिसरी कुठून आणणार? बाहेरची दत्तारामांची, आतली त्यांची. पहिल्या दिवशी नऊ वाजता बातम्या संपल्यावर दत्तारामांनी यंत्र कमरेचं काढलं, तांदळावर अलगद ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि मनातल्या मनात गावच्या बारा-पाचाच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या वामकुक्षीलाही यंत्र तांदळातच झोपलं. तिसऱ्या दिवशी तर त्यांना एवढी सवय झाली, की यंत्र बाहेर काढलं की उगाच उघड्यावर आल्यासारखं वाटू लागलं.

चौथ्या दिवशी शीतल आली. तिने यंत्र लॅपटॉपला जोडलं. रुचिराने चहा आणून टेबलावर ठेवला आणि ती दाराशी थांबली.

"काका," शीतल स्क्रीनकडे बघत म्हणाली, "रात्री नऊ ते सकाळी सहा, तिन्ही दिवस, शून्य. साफ शून्य. दुपारीपण. मुंबईत असं कुठेच नसतं हो. तुम्ही खाणीत वगैरे झोपता काय?"

"घर चांगला हा," दत्ताराम म्हणाले. "भिंती जाड."

शीतलने यंत्र उलटं केलं. पाकिटाच्या चेनमधून तांदळाचे तीन दाणे टेबलावर पडले. कोलम होता.

दत्तारामांच्या कानापर्यंत रक्त चढलं. गिरणीत, नंतर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या औषधाच्या कंपनीत, आयुष्यभरात त्यांच्यावर चोरीचा आळ कधी आला नव्हता, आणि आता परक्या मुलीसमोर, सुनेसमोर, तीन दाण्यांनी त्यांना पकडलं होतं.

"माझ्याकडून झालं ते," रुचिरा म्हणाली. "तांदूळ काढताना यंत्र डब्यावर ठेवलं असेल, आत पडलं असणार. सॉरी हां."

रोज, नेमकं नवाच्या ठोक्याला, आत पडलं असणार. शीतलने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. दत्तारामांनी सुनेकडे बघायचं धाडस केलं नाही. जिच्या विरुद्ध खोटं केलं तिनेच ते अंगावर घेतलं, ह्याची त्यांना फार लाज वाटली.

"पण हे तास मोजता येणार नाहीत," शीतल म्हणाली. "सगळं पुन्हा करावं लागेल. वाईट वाटतं, कारण बाकीचे आकडे मस्त होते. हे बघा, तुम्ही खिडकीत बसलेले असताना टॉवरचं. शून्य पॉइंट तीन. मर्यादेच्या कितीतरी खाली. बाराचे बारा तास सरळ रेघ."

म्हणजे उजवाच कौल होता. देवाने न मागता दिलेला, आणि दत्तारामांनी तो तांदळात घालून नासवला होता. वाट लागली ती अशी.

"पण हे काय?" शीतलने स्क्रीनवर बोट ठेवलं. सरळ रेघेवर मध्येच ताडासारखे उंच सुळके होते. "सकाळी अकरा, साडेतीन, परत पाच. हे टॉवरचं नाहीये, फोनचं आहे. तुम्ही वहीत लिहिलंय, 'चहा घेण्यास आत गेलो.' आत कुणी फोनवर होतं?"

रुचिराने रिकामा ट्रे छातीशी धरला. "मी. माझं घरून काम असतं. इन्शुरन्सचे क्लेम. दिवसभर कॉल असतात."

"आणि तुम्ही तिथे आत बसून बोलता?"

"ओट्याशी. फ्रिजवर लॅपटॉप ठेवते."

"अहो, आत रेंज नसते. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, टॉवरपर्यंत पोचायला. लांबच्या माणसाला आपण ओरडून हाक मारतो ना, तसं. तुमच्या अंगावर टॉवरपेक्षा तुमच्या फोनचंच जास्त येतं. बाहेर खिडकीशी बसलात तर हेच एकदम कमी होईल." मग तिने वहीची पानं उलटली. तिथे चहाच्या नोंदी सोडल्या तर दत्तारामांच्या वळणदार अक्षरात दर अर्ध्या तासाला एकच ओळ होती: हॉल, खिडकी, खुर्ची. हॉल, खिडकी, खुर्ची. "काका, तुम्ही दिवसभर इथेच असता?"

"मग खंय जातलंय?"

"नाही, सहज. मग ह्या कुठे बसतात?"

शीतलने तो प्रश्न खरंच सहज विचारला होता. तिच्या फॉर्मवर तसा रकानाही होता. रुचिरा म्हणाली, "चहा गार होतोय," आणि आत गेली.

यंत्र पुन्हा कमरेला आलं. ह्या खेपेला दत्तारामांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. शीतलची वही मात्र ते कोर्टाच्या कारकुनासारखी भरू लागले, आणि 'सोबत कोण' ह्या रकान्यात आता खरं लिहू लागले. साडेनऊ: रुचिरा, ओट्याशी, उभी. दहा: रुचिरा, ओट्याशी, उभी, फोन. साडेदहा: स्टुलावर, फोन. अकरा: उभी. बारा: उभी. सात महिन्यांचं पोट घेऊन ती किती वेळ उभी असते हे तीन वर्षांत त्यांना कधी दिसलं नव्हतं. वहीत चार पानं भरल्यावर दिसलं. हॉलमधल्या टीव्हीवर सिरियलचा आवाज मोठा, म्हणून ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. दार लावलं की रेंज आणखी जायची. रेंज गेली की फोन आणखी जोर लावायचा. रेडिएशन म्हणजे नेमकं काय ते दत्तारामांना अजून कळलं नव्हतं, पण ते येतं कुठून एवढं कळलं होतं. खिडकीतल्या खुर्चीतून येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि म्हणाले, "मी बागेत बसतंय. तू खिडकीत बस गो. हंय रेंज बरी हा."

"बसते बाबा."

बागेतल्या बाकावर त्यांनी दहा ते एक काढले. कमरेचं यंत्र बघून शेजारचा लवू येऊन बसला आणि म्हणाला, "दत्ता, जरा माझ्या गुडघ्याला लावून बघ रे, कळ तिथनंच येते." दत्तारामांनी लावून दाखवलं. लवूला लगेच बरं वाटलं. तेवढ्यात आणखी दोघांनी डोकं पुढे केलं, एकाने सासूला घेऊन येऊ का विचारलं. एरवी ह्या मानाने दत्ताराम फुलले असते. त्या दिवशी त्यांचं लक्ष घरी होतं.

एक वाजता ते आवाज न करता आले. खुर्ची रिकामी होती. रुचिरा हॉलमध्ये आली होती खरी, खिडकीशीही आली होती, पण खुर्चीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहून फोनवर कुणाला तरी पॉलिसी नंबर विचारत होती. त्यांना बघताच तिने पदर नसलेल्या कुर्त्यावरची ओढणी सारखी केली आणि आत गेली. सासऱ्याच्या खुर्चीत सून बसत नाही. असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, दत्तारामांनी तर कधीच नाही. उद्या त्यांनी हातापाया पडून सांगितलं असतं तरी ती कडेवर टेकली असती आणि त्यांच्या चपलेचा आवाज आला की उठली असती. ते उठून गेले तरी त्यांचा मान त्या खुर्चीत बसून होता, आणि मान काही बागेत फिरायला जात नाही.

वहीत त्यांनी लिहिलं: १.०० घरी. रुचिरा, उभी.

तिसरा दिवस रविवारचा. "बाबा, मुलुंडची जागा बघून येऊ या? नुसती बघायला," प्रीतम म्हणाला, "कौल नंतर लागू दे ना." त्याला वाटलं बाबा नाही म्हणतील. दत्तारामांनी कमरेचं यंत्र चाचपलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

जागा सातव्या मजल्यावर होती. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, आणि हॉलला गॅलरी. दत्ताराम आधी गॅलरीत गेले. समोर हात लांब केला तर लागेल असं वाटावं एवढ्या अंतरावर शेजारच्या इमारतीची गच्ची होती, आणि गच्चीवर एक नाही, दोन टॉवर. त्यांचे पांढरे लांबट डबे थेट गॅलरीकडे तोंड करून उभे. चारकोपचा टॉवर ह्यांच्यापुढे अगदीच गरीब.

दत्तारामांनी पाकिटाची चेन उघडून छोटा पडदा बघितला. एक पॉइंट एक. घरच्यापेक्षा तिपटीहून जास्त.

त्यांचं काळीज आनंदाने एवढं उडालं, की कठडा धरावा लागला. ह्याला म्हणतात देव! तांदूळ नको, डबा नको, लबाडी नको. आकडा समोर, मुलगा मागे, आणि कौल असा स्वच्छ, की वडिलांनाही आयुष्यात कधी मिळाला नसेल. नुसतं वळायचं आणि पडदा दाखवायचा. बाळाच्या अंगावर तिप्पट लहरी घ्यायला कुठली आई तयार होईल? टॉवरचं नाव तिनेच काढलेलं. आता ती चारकोप सोडून जाऊच शकत नव्हती.

ते वळले.

रुचिरा रिकाम्या हॉलच्या मधोमध फरशीवर बसली होती. दोन्ही पाय लांब पसरलेले, हात मागे टेकलेले, डोळे मिटलेले. तीन वर्षांत त्यांनी तिला पाय पसरून बसलेली कधी बघितली नव्हती. त्या बसण्यात एवढं सुख होतं, की दत्तारामांना त्याच्याकडे बघणं चोरून बघितल्यासारखं वाटलं. ते तिथेच थांबले. चारकोपच्या घरात तिच्यासाठी दोन खोल्या होत्या, एक खुर्ची होती, मायाही होती. पाय पसरण्याएवढी जागा मात्र नव्हती, आणि ती कुठल्याच यंत्राने वाढणार नव्हती.

"बाबा, किती दाखवतंय?" प्रीतमने आतल्या खोलीतून विचारलं.

रुचिराने डोळे उघडले. सासरे समोर बघून ती घाईने पाय जवळ घेऊ लागली.

"बस गो," दत्ताराम म्हणाले. "उठा नको." मग पडद्यावर अंगठा ठेवून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "शून्य पॉइंट दोन. आमच्या घरापेक्षा कमी. उजवो कौल, जावा."

प्रीतम बाहेर आला. "खरंच? अरे वा." त्याने गॅलरीतून समोर बघितलं, दोन टॉवर बघितले, बापाकडे बघितलं, आणि पुढचं काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. उजवा पडला की पुन्हा विचारायचं नाही, हा गुण त्याला आजोबांकडून आलेला.

शीतल येऊन यंत्र घेऊन गेली. अहवाल पोस्टाने येईल म्हणाली. पंधरा दिवसांनी टेम्पो आला, बाळासाठी मागवलेल्या पाळण्याचं पार्सल न उघडता त्यात चढलं. दत्तारामांनी दोरी नीट आवळली आहे ना ते तीनदा बघितलं आणि टेम्पो वळेपर्यंत हसत उभे राहिले. घरात येऊन मात्र ते बराच वेळ खुर्चीत बसले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभे राहिले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी एकट्यापुरता भात लावायला त्यांनी तांदळाचा डबा उघडला. तांदळावर एक पाकीट होतं. संस्थेचं, त्यांच्या नावाचं, पण फोडलेलं. वरचा पोस्टाचा पोचल्याचा शिक्का ती दोघं निघायच्या आठ दिवस आधीचा होता. म्हणजे ते बागेत असताना पोस्टमन आला होता आणि ते रुचिराने घेतलं होतं.

आत दोन पानांचा अहवाल होता. ठिकाण आणि आकडा, असा तक्ता. चारकोप, घर, ०.३. चारकोप, बाग, ०.४. मुलुंड, गॅलरी, १.१. शेवटच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केला होता. खाली छापलं होतं, की सर्व नोंदी मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. आणि त्याच्याही खाली रुचिराच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता: उजवा.

तिला ठाऊक होतं. आठ दिवस आधीपासून ठाऊक होतं, आणि ती सामान बांधत राहिली होती. त्यांनी खोटं सांगितलं हे तिला कळलं होतं, का सांगितलं हेही कळलं होतं, आणि परत द्यायचं तर ते कुठे ठेवायचं हेही तिला बरोबर माहीत होतं. दत्तारामांना एकाच वेळी पकडल्यासारखं आणि सोडल्यासारखं वाटलं.

त्यांनी खिडकीशी जाऊन फोन लावला. तिथे रेंज चांगली होती.

"हां बाबा," पहिल्याच रिंगला रुचिराचा आवाज आला.

"खंय बसलंस?"

"हॉलमध्ये, बाबा. खाली. पाय पसरून."

"बरा झाला," दत्ताराम म्हणाले. "फोन कानाक लावन बसा नको जास्त. स्पीकरवर घाल."

"घातलाय," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात?"

"लावतंय भात," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडंच आहे ते त्यांच्या लक्षात आलं.